पाकिटावर युद्ध, आत शेत

गोव्यातल्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या भावाची किंवा आजोबांच्या काकांची महायुद्धाच्या काळातली, लढाईवरून आलेली पत्रं सापडली, की घरचे सगळ्यात आधी पत्र उघडतात आणि त्यात लढाई शोधू लागतात. ती सापडत नाही. ‘भाताला पाऊस कसा आहे’, ‘पाड्याला जू लावलं का’, ‘भाटकाराचा (जमीनमालकाचा) खंड पोचता केला का’, ‘मनीऑर्डर पावली की कळवणे’ हेच पानभर असतं. मग गठ्ठा परत दोरीने बांधला जातो आणि म्हणतात, विशेष काही नाही.

विशेष आहे, आणि भरपूर आहे. फक्त युद्ध पाकिटावर असतं आणि पत्रात शेत असतं. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय लढाईवर गेलेल्या त्या मुलाचं पत्र कळत नाही. म्हणून पहिली विनंती ही, की पाकीट आणि पत्र वेगळं करू नका. पाकिटावरची तिकिटं कापून घेऊ नका, पाकीट फाटकं आहे म्हणून टाकू नका. अशा गठ्ठ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान कसरीपेक्षा याच सवयीने होतं.

हा मुलगा कोण, हे आधी मनात स्पष्ट असावं. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे गोव्यातल्या तरुणाला घरातून लढाईवर कुणी नेत नव्हतं. पण पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या घरांचे सोयरे सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले, बेळगाव इथे पसरलेले. शेतातून पोट भरत नाही म्हणून सीमेपलीकडे गेलेला शेतकऱ्याचा मुलगा तिथून ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत भरती होऊ शकत होता. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावातच आहे. असा मुलगा दोनदा परदेशी झालेला असतो: एकदा पोटासाठी, एकदा लढाईसाठी. त्याची पत्रं तशीच वाचावी लागतात.

आता पाकीट. तिकिटाच्या जागी नुसतं ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ किंवा त्याची आद्याक्षरं लिहिलेली असतील, तर पत्र लढाईवरून आलेलं आहे. गोल शिक्क्यात गावाचं नाव नसून फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता आकडा असेल, तर तो मुद्दाम तसा आहे. पलटण कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून टपाल कचेऱ्यांना नावाऐवजी क्रमांक दिलेले असत. कोणता क्रमांक कधी कुठे होता याच्या याद्या टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी बनवल्या आहेत. पण कचेरी पलटणीबरोबर हलत असे, म्हणून क्रमांक आणि तारीख दोन्ही मिळाल्याशिवाय ठिकाण ठरवू नका. एकच आकडा एका वर्षी एका देशात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात असू शकतो.

खालच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजीत सही आणि जवळ ‘पास्ड बाय सेन्सॉर’चा शिक्का असेल, तर ते पाकीट फौजेच्या सेन्सॉरच्या हातून गेलेलं आहे. कडेला चिकटवलेली ‘ओपन्ड बाय एक्झामिनर’ अशी छापील पट्टी असेल, तर पुढे नागरी सेन्सॉरनेही ते उघडलेलं आहे. ही पट्टी सोलून काढायचा मोह होतो, कारण तिच्याखाली अक्षरं दडलेली असतात. सोलू नका. पाकीट उजेडासमोर धरून फोटो घेतला की बहुतेक वेळा खालचं वाचता येतं.

पाकिटाची मागची बाजू तर जरूर पाहा. पोचीचा शिक्का तिथेच असतो. लिहिल्याची तारीख, निघाल्याचा शिक्का आणि पोचल्याचा शिक्का अशा तीन तारखा हाती आल्या, की पत्राला किती दिवस लागले ते निघतं, आणि त्यावरच पुढचा सगळा उलगडा अवलंबून असतो. पत्ता गोव्याचा नसून सावंतवाडीच्या मामाचा किंवा बेळगावच्या ओळखीच्या दुकानदाराचा असेल, तर पत्र दुसऱ्या कुणाचं समजून बाजूला ठेवू नका. सरहद्द ओलांडून येणारं टपाल आणि हातोहात येणारं टपाल यांत घरचे जे सोयीचं ते निवडत.

पत्र उघडण्याआधी शाई ओळखा. हा भाग घाईने करू नये. फौजेत जांभळी पेन्सिल फार चालायची. कोरडी असताना ती करड्या शिशासारखी दिसते, ओल लागली की गर्द जांभळी होते, कारण तिच्या शिशात ॲनिलीन रंग मिसळलेला असतो. लिहिणारा टोक जिभेवर ओलं करत असे. म्हणून ओळीच्या सुरुवातीची दोन-तीन अक्षरं गडद आणि पुढची फिकट अशी नक्षी दिसते. ती दिसली की समजा, या कागदाला पाण्याचा थेंबही चालणार नाही. घडी सोडवायला वाफ देणं, ओल्या कापसाने डाग पुसणं, गोंद सैल करायला पाणी लावणं यांतलं काहीही केलं तर ओळ न् ओळ पसरते आणि परत येत नाही. निळी-काळी शाई वेगळी. तिच्यात लोह असतं, ती काळाने तपकिरी होते, आणि जाड रेघेच्या जागी कागद कुरतडल्यासारखा फुटतो. तो कागद वाकवायचा नाही, नुसता सपाट ठेवायचा. आणि १९४२ची तारीख असलेलं पत्र बॉलपेनने लिहिलेलं दिसलं, तर ती नंतर कुणीतरी केलेली नक्कल आहे. बॉलपेन बाजारात रुळला तो लढाई संपल्यावर. नक्कलही जपून ठेवा, फक्त तिच्यावर तशी नोंद करा.

कडक झालेली घडी जबरदस्तीने उघडली तर ती घडीवरच तुटते. लढाईच्या काळातला कागद हलका, लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. गठ्ठा ट्रंकेतून काढून पंख्यापासून दूर, सावलीत, स्वच्छ सुती कापडावर एक दिवस नुसता ठेवा. आपल्याकडची हवा तेवढं काम करते. मग सुटेल तेवढीच घडी उघडा, वर-खाली पांढरा टिपकागद ठेवा, त्यावर काचेचा तुकडा आणि एखाद किलोचं वजन. दोन दिवसांनी कागद सपाट होतो. इस्त्री नको. गंजलेली टाचणी ओढून काढू नका. कागदाच्या दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा आणि टाचणी हळूच वर उचला, म्हणजे गंजाबरोबर कागद निघून येत नाही.

आता मजकूर. गोव्यातल्या हिंदू घरांत बोलणं कोकणीत आणि पत्र मराठीत अशी सरसकट रीत होती. म्हणून ‘तीर्थरूप बाबांचे सेवेशी, बालके … याचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ असा पाठ केलेला मराठी मायना येतो, ‘येथील क्षेम, तेथील क्षेम लिहीत जाणे’ येतं, आणि शेताकडे वळला की लेखक नकळत कोकणीत शिरतो: वायंगण (उन्हाळी भात), मानस (बांधातलं पाण्याचं दार), पोय (मानशीजवळचा पाणी साठणारा खोलगट भाग), कुडव (धान्याचं माप), पाडो (तरुण बैल). उतरवून घेताना हे शब्द ‘शुद्ध’ करू नका. पाडोचा पाडा केलात, वायंगणाचं उन्हाळी भात केलंत, की त्या मुलाचा आवाज गेला. मायना शाळेने शिकवलेला असतो, वायंगण त्याचं स्वतःचं असतं.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ आहे का, हेही बघा. अशुभ बातमीच्या पत्रावर श्री लिहीत नसत. श्री नसलेलं पत्र आधी वेगळं काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवूनच पुढे वाचा.

अक्षर आणि सही जुळतात का? न जुळल्यास पत्र दुसऱ्याने लिहून दिलेलं आहे. पलटणीत लिहिता येणारा एखादा जण दहा जणांची पत्रं लिहायचा. त्यामुळे एकाच हाताची, जवळजवळ त्याच वाक्यांची पत्रं दोन वेगळ्या घरांत निघू शकतात. अशा पत्रात मायना लेखकाचा, पण बैलाचं नाव, शेताचं नाव आणि पैशाचा आकडा सांगणाऱ्याचा. खरा माणूस तिथे शोधायचा. घरीही पत्र बापाने एकट्याने वाचलेलं नसतं. मास्तर किंवा भटजी ते ओसरीवर मोठ्याने वाचत आणि सगळं घर ऐकत असे. बायकोसाठी थेट एक शब्दही का नाही, याचं उत्तर यात आहे.

मोडीतली पत्रं आली तर घाबरून जाऊ नका, पण आठवडाभर सराव केल्याशिवाय उतरवायलाही बसू नका. मोडीत लेखक आधी रेघ ओढतो आणि तिला अक्षरं टांगत जातो. शब्द तुटक नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. आधी त्याच लेखकाचा मायना घ्या. मजकूर आपल्याला पाठ असतो, म्हणून त्यावरून त्याचं प्रत्येक अक्षर ओळखून एका कागदावर तक्ता करा. मग गावाची आणि माणसांची नावं. शेतीचा मजकूर सगळ्यात शेवटी.

चुका सगळ्यात जास्त पैशात होतात. समजा पत्रात ५॥= असं दिसलं. उभ्या रेघा पावल्या आहेत: एक म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. आडव्या रेघा म्हणजे सुटे आणे. तेव्हा ही रक्कम पाच रुपये दहा आणे. नवखा माणूस ॥ ला पूर्णविराम समजतो किंवा ११ वाचतो, आणि पाच रुपये दहा आण्यांचे पाचशे अकरा होतात. गोव्यातला रुपया वेगळा होता, पण त्याचेही १६ तांगे, म्हणून रेघांची ही रीत दोन्हीकडे चालून जाते. आकडा मात्र कुठल्या रुपयाचा, हे वाक्यावरून ठरवायचं: पगार आणि मनीऑर्डर इंग्रजी रुपयात, खंड आणि दुकानाचं देणं बहुधा इथल्या. पहिल्या महायुद्धात शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये होता. त्यातून घरी किती पाठवलं हे पत्रांवरून काढता आलं, की तो स्वतःसाठी किती ठेवत होता तेही कळतं. त्या एका वजाबाकीतून मुलगा जेवढा दिसतो तेवढा पानभर मजकुरातून दिसत नाही.

धान्याची मापंही तशीच. २० कुडवांची एक खंडी. ‘खंड’ म्हणजे भाटकाराला द्यायचा धान्याचा वाटा आणि ‘खंडी’ म्हणजे माप. वेलांटी पुसट झाली की दोन्ही एकच दिसतात. ‘खंड ३’ आणि ‘खंडी ३’ यांत घराचं वर्षाचं पोट बदलतं, तेव्हा पुढचा-मागचा मजकूर लावूनच ठरवा.

तारखा लावणं हे या कामातलं खरं सुख आहे. पत्रावर बहुधा शक आणि तिथी असते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शु॥ म्हणजे शुद्ध, व॥ म्हणजे वद्य. संवत्सराचं नाव दिलं असेल तर तपासून घ्यायला सोपं जातं: शके १८६४ चित्रभानू, १८६५ सुभानू. अधिक मासाकडे मात्र डोळे उघडे ठेवा. शके १८६४ला, म्हणजे १९४२च्या उन्हाळ्यात, ज्येष्ठ अधिक होता. त्या वर्षी नुसतं ‘ज्येष्ठ शु॥’ लिहिलेलं पत्र मेच्या मध्यानंतरचंही असू शकतं आणि जूनच्या मध्यानंतरचंही. नेमक्या याच महिन्याच्या फरकात मृग लागतो आणि पेरणी होते.

तिथी नसेल तर नक्षत्रं कामाला येतात, कारण शेतकरी त्यांच्यावरच बोलतो. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला. ‘मृगात पेरा धरला काय’ असं विचारणारं पत्र लढाईवरून निघून घरी पोचेपर्यंत तरवा काढून लावणी झालेली असते. बापाचं उत्तर परत पोचेपर्यंत भात पोटरीत. म्हणून पत्रं तारखेप्रमाणे रचून सरळ वाचली तर संवाद तुटका वाटतो. वहीत चार रकाने करा: लिहिलं कधी, पोचलं कधी, कोणत्या पत्राचं उत्तर (‘आपले अमुक तिथीचे पत्र पावले’ या वाक्यावरून), आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. चौथा रकाना भरत गेलात की कोणतं पत्र वाटेत हरवलं तेही उमगतं. मुलगा तीन पत्रांत तोच प्रश्न विचारत असेल, तर घरच्यांचं उत्तर त्याला पोचलेलं नाही.

पलटण कुठे आहे हे लिहायला बंदी होती. गाव, बोट, संख्या, हालचाल, काहीच लिहायचं नाही. पहिल्या महायुद्धात तर छापील कार्ड मिळे. ‘मी खुशाल आहे’ अशा ओळी त्यावर तयार, नको त्या खोडायच्या. वर एक शब्दही जास्त लिहिला तर कार्ड नष्ट. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला बुलोनला खास कचेरी होती. तिथे सगळी पत्रं वाचून होणं शक्य नव्हतं, निवडक वाचत. त्यांचे इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरी म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा सापडते. आपल्या घरच्या पत्रातही अचानक मसाल्याचा, माशांचा किंवा एखाद्या न ओळखता येणाऱ्या ‘पाव्हण्या’चा उल्लेख आला, तर तो दोनदा वाचा. पण प्रत्येक मिरीत खूण शोधू नका. कोकणातला माणूस मिरीबद्दल नुसता मिरीसाठीही लिहितो.

सेन्सॉरने गावाचं नाव खोडलं, तरी शेतकऱ्याचा डोळा कसा खोडणार? इथे या पत्रांचं मोल सगळ्यात मोठं आहे. त्याला समोर जे पीक दिसतं ते तो घरी सांगतो, आणि पीक नेमकं बोलतं. लोक गहू कापताहेत आणि महिना जून-जुलै असेल, पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं तोडताहेत, थंडीत ‘जांभळासारखी कडू फळं’ झोडून काढताहेत, तर तो इटलीत आहे, फळं ऑलिव्हची. जवाची कापणी एप्रिल-मेमध्ये आणि भोवती रेती असेल, तर उत्तर आफ्रिका. नदीला पूर उन्हाळ्याच्या तोंडाला, मार्च ते मे, आणि खजुराची झाडं असतील, तर मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. डोंगरांवरचं बर्फ वितळून तैग्रिसला तेव्हा पूर येतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला पावसाविना आलेला पूर नवलाचा वाटणारच, आणि तो ते लिहितो. नांगराला बैलाऐवजी घोडा, मातीचा रंग, विहिरीवरची मोट, बांधावरचं गवत… अशा ओळी वेगळ्या रंगाने अधोरेखित करा (मूळ पत्रावर नव्हे, छापील प्रतीवर) आणि मग पलटणीच्या हालचालींशी जुळवा.

जुळवायला काही पक्क्या तारखा हाताशी असू द्या. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यानंतर ती फौज तुर्कांच्या कैदेत गेली, म्हणून १९१६च्या उन्हाळ्यापासून पत्रं एकदम थांबली असतील तर कारण हे असू शकतं. दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातल्या केरेनची लढाई फेब्रुवारी-मार्च १९४१. २१ जून १९४२ला उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं आणि मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन तिथे कैद झाली. पुढे इटली: यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५च्या लढाईतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. कैद्याचं पत्र ओळखायला सोपं असतं. छापील फॉर्म, त्यावर युद्धकैद्यांच्या टपालाचे इटालियन किंवा जर्मन शब्द, आणि मजकूर आखलेल्या ओळींतच बसवलेला. जागा थोडी, म्हणून मायना सुद्धा काटलेला दिसेल. ज्याने आयुष्यात कधी शिरसाष्टांग चुकवला नाही त्याने नुसतं ‘ती. बाबांस न.’ लिहिलेलं पाहिलं, की त्या कागदावरची जागेची टंचाई जाणवते.

घरची बाजूही तेवढीच पक्की लावा. मार्च १९४२मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ पश्चिम किनाऱ्यावर यायचा थांबला. त्यानंतरच्या पत्रांत भाताबद्दलचे प्रश्न आधीच्या प्रश्नांसारखे नसतात. आधी तो उत्पन्न विचारतो, नंतर घरात किती उरलं ते. ९ मार्च १९४३च्या रात्री मुरगाव बंदरात आसरा घेतलेल्या ‘एहरेनफेल्स’ आदी जर्मन बोटी आणि एक इटालियन बोट जळून बुडाल्या. घरून गेलेल्या पत्राच्या मसुद्यात ‘मुरगावास बोटी जळाल्या’ असं काही असेल, तर ते हेच. लढाईवरच्या मुलाला आईबापांनी लढाईची बातमी गोव्यातून कळवावी, असाही एक दिवस आला होता.

खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीचा, बांध फुटल्याचा उल्लेख असेल तर तो हलका घेऊ नका. खारं पाणी शेतात शिरलं की मीठ धुऊन जायला एक-दोन पावसाळे लागतात, म्हणजे त्या घराची पुढची दोन वर्षं मनीऑर्डरवर. त्यानंतर मुलाने पाठवलेल्या रकमा वाढल्या का, ते रकान्यात पाहा. सत्तरीतलं पत्र असेल तर पुरण शेतीचे शब्द वेगळे येतील. ते म्हादईच्या पात्रातलं पीक, पाऊस लागण्याआधी काढायचं. कॅलेंडर उलटं होतं, तेव्हा खाजनाचे महिने तिथे लावू नका.

पुसट अक्षरं वाचायला महागडं यंत्र लागत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या कडेला अगदी तिरपा धरा. पेन्सिलीने दाबलेले चर सावलीतून उठून दिसतात, रंग उडाला असला तरी. स्कॅन ६०० डीपीआयवर, रंगीत, पानाच्या दोन्ही बाजू, कोऱ्या असल्या तरी. जांभळी पेन्सिल फिकी झाली असेल तर कोणत्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये फक्त हिरवा चॅनेल दाखवा. जांभळा रंग हिरवा उजेड शोषतो, म्हणून अक्षर काळं दिसू लागतं. तपकिरी झालेल्या लोहशाईला निळा चॅनेल वापरून बघा. फाइलला नाव तारखेने सुरू होणारं द्या, वर्ष-महिना-दिवस, मग पत्राचा क्रमांक, पान, पुढे की मागे. मोबाइलवर काढलेले आणि व्हॉट्सॲपवरून फिरवलेले फोटो मूळ प्रत म्हणून धरू नका. पाठवताना ते लहान होतात आणि पुसट वेलांट्या तिथेच मरतात.

उतरवताना ओळ तिथे ओळ ठेवा. न कळलेलं [?], फाटलेलं [फाटले], सेन्सॉरने खोडलेलं [खोडले]. अंदाजाने भरलेला शब्द कंसात. साध्या मराठीतलं रूप हवं असेल तर ते शेजारच्या रकान्यात, मूळ ओळीवर नको.

आणि जपणूक. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला ६५च्या वर सतत राहिली की पुरे. म्हणून लोखंडी ट्रंक आणि माळा दोन्ही नकोत. माळ्यावर उष्णता, आणि ट्रंक पत्र्याची, आतून घाम धरते. झाकण घट्ट बसणारा सुमारे १० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांतून पत्रं सपाट ठेवा, आणि १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, कागदाला न लागेल असं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५च्या मध्ये हवा. ४०च्या खाली गेला तर एक पुरचुंडी काढा, कागद ठिसूळ होतो. दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून, थंड करून परत वापरा. जुनी माणसं वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायची. कापडात बांधून, कागदापासून दूर ठेवला तर हरकत नाही. डांबरगोळ्या मात्र नकोत.

बुरशी आलीच तर ओली असताना हात लावू नका, ती कागदात चोळली जाते. सावलीत, पंख्याचा थेट झोत लागणार नाही अशा वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. चवथीनंतर कपड्यांबरोबर पत्रांनाही ऊन दाखवायची रीत आहे. जांभळ्या पेन्सिलीला ऊन म्हणजे विष. कसर किंवा किड्यांचा संशय असेल तर पत्रं जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ ते २० अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दमट हवेचं पाणी थेट कागदावर उतरतं. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल यांतलं काहीही लागलेलं पत्र पूर्ववत करणं जवळजवळ अशक्य होतं. फाटलेलं पान फाटलेलंच राहू द्या, दोन तुकडे एका पाकिटात ठेवा.

पत्रांत शेताची नावं, खंड, मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर, सीमेचा दगड असे उल्लेख असतात. १९६४चा कूळ कायदा आणि १९७५चा मुंडकार कायदा झाल्यावर अशा ओळींना वेगळंच वजन आलं. म्हणून स्कॅन केलेली पानं सरसकट फेसबुकवर टाकू नका. आधी घरात आणि ज्यांचं नाव आहे त्या घरात विचारा. गठ्ठा कुठे द्यायचा असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्याशी बोला, आणि देण्याआधी सगळ्याची आपली प्रत ठेवा.

परत न आलेल्याचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत घेता येतो. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. नाव इंग्रजीत दहा तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं, म्हणून आडनावापेक्षा पलटणीचं नाव आणि वर्ष देऊन शोधा. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं, आणि तिथेच तुमच्या पाकिटावरचा सावंतवाडीचा पत्ता उपयोगी पडतो, कारण फौजेच्या दप्तरात तोच पत्ता गेलेला असू शकतो.

गठ्ठ्याच्या तळाशी बहुधा पाकिटं उरतात, पत्रं नसलेली. त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने बापाने केलेले हिशेब असतात: मजुरी, बियाणं, खंड, शेवटी आडवी रेघ आणि बाकी. त्याच पाठीवर कधी उत्तराचा मसुदाही सुरू केलेला दिसतो. घरून गेलेली पत्रं लढाईवर राहिली, ती बहुधा कुणाच्याच हाती नाहीत. आईबापांचा आवाज उरला असेल तर तो या रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर, म्हणून त्यांनाही क्रमांक द्या आणि पुढची-मागची दोन्ही बाजू स्कॅन करा.